‘तशी काही हरकत नाही’

पत्र असं आहे, थोडं छाटून देते:

“ताई, मी ३८ वर्षांचा, राहणार सिंहगड रोड, पुणे. आयटीत आहे. कंपनी भारतीय, क्लायंट अमेरिकन, पॅकेज ३८ लाख. २०२१ पासून घरूनच काम करतो. गेल्या मे महिन्यात आम्ही तिघं बारा दिवस स्पेनला फिरून आलो, त्यातले पाच दिवस व्हॅलेन्सियात होतो. तेव्हापासून इथे मन लागत नाही. ते ऊन, तो समुद्र, सायकलवरून शाळेत जाणारी मुलं! मी यूट्यूबवर सगळी माहिती काढली आहे. स्पेनचा डिजिटल नोमॅड व्हिसा आहे, अट महिना २,७६३ युरो कमाईची, ती मी पूर्ण करतो. टॅक्स सरळ २४ टक्के. ऑफिसातला म्हापशाचा एक मित्र बायकामुलांसकट लिस्बनला गेला, त्याला तर काहीच त्रास झाला नाही. शहरात घरं महाग आहेत, पण मेट्रोवर जवळच पायपोर्ता नावाचं गाव आहे, तिथे तळमजल्यावर स्वस्तात घर मिळतंय. इथला फ्लॅट विकून टाकावा म्हणतो. मुलगी सात वर्षांची आहे, तिला भाषा पटकन येईल. बायको डेंटिस्ट आहे, जवळच स्वतःचं क्लिनिक आहे, तिची तशी काही हरकत नाही. प्रश्न फक्त आईबाबांचा. बाबा ६९, दोन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झाली. त्यांना कसं सांगू? – उन्हाच्या शोधात”

पुण्यात राहून उन्हाच्या शोधात असलेला मनुष्य मला पहिल्यांदाच भेटला. असो.

तुम्ही मला पत्र लिहिलंत ते बहुधा मी व्हॅलेन्सियात राहते म्हणून. मी मूळची सांगलीची. नवऱ्याच्या नोकरीमागून या गावात आले त्याला आता सातवं वर्ष चालू आहे, बेनिमाक्लेत नावाच्या विद्यार्थ्यांच्या भागात घर आहे. गाव मला आवडतं, हे आधीच सांगून ठेवते, नाहीतर पुढचं वाचून तुम्हाला वाटेल की बाई इथे कंटाळली आहे आणि दुसऱ्याला येऊ देत नाही.

आईबाबांना कसं सांगू, हा तुमचा प्रश्न. आत्ता काहीच सांगू नका. सांगण्यासारखं अजून काही ठरलेलंच नाही. अँजिओप्लास्टी झालेल्या माणसाला ‘विचार चाललाय’ एवढंच ऐकवून काय होणार? विचार तुमचा चालेल आणि झोप त्यांची जाईल.

आता हिशेब. २,७६३ हा आकडा खरा आहे, २०२५ चा. त्या वर्षी स्पेनमधलं किमान वेतन होतं १,१८४ युरो, वर्षातून चौदा वेळा. (इथे उन्हाळ्यात आणि नाताळात एकेक पगार जास्तीचा मिळतो, आपल्याकडे दिवाळीला बोनस मिळतो तसा.) त्याची वर्षाची बेरीज दुप्पट करून बाराने भागली की तुमचा आकडा येतो. पण तो सड्या माणसाचा आहे. बायको बरोबर असेल तर त्यावर किमान वेतनाचे ७५ टक्के आणि मुलीचे आणखी २५ टक्के. म्हणजे १,०३६ आणि ३४५ मिळवा, ४,१४४ होतात. युरो नुसता शंभर रुपयांना धरला तरी महिना चार लाख चौदा हजार. तुमचे ३८ लाख म्हणजे महिना तीन लाख सतरा हजार, आणि तेही पॅकेजच्या भाषेत, म्हणजे त्यात काय काय मोजलेलं असतं ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. किमान वेतन वाढलं की अटही वाढते. थोडक्यात, आजच्या हिशेबाने व्हिसा तुम्हाला एकट्याला मिळतो. तो व्हिडिओ बनवणाऱ्याचं लग्न झालेलं नसावं.

पगारवाढ होईल, जादा काम मिळेल, आकडा एखाद्या वर्षात गाठालही. खरी अडचण तुमच्या पत्रात दोन शब्दांत आली आहे आणि तुम्ही तिच्यावरून सरळ पुढे गेलात: ‘कंपनी भारतीय’.

नोकरदार म्हणून या व्हिसावर यायचं तर तुमचा सामाजिक सुरक्षेचा हप्ता कुठे भरला जातो हे दाखवावं लागतं. आपल्या पीएफचाच हा थोरला भाऊ, फक्त त्यात दवाखाना आणि पेन्शन सगळंच येतं. ज्या देशांचा स्पेनशी एकमेकांचे हप्ते मान्य करण्याचा करार आहे तिथली माणसं आपल्या देशाचं प्रमाणपत्र जोडतात आणि सुटतात. भारताचे असे करार जर्मनी, फ्रान्स, नेदरलँड्सशी आहेत, शेजारच्या पोर्तुगालशीसुद्धा आहे. स्पेनचं नाव त्या यादीत नाही. मग राहतात दोन वाटा. तुमच्या कंपनीने तुमच्या एकट्यासाठी स्पेनमध्ये नोंदणी करून इथले हप्ते भरायचे, ही पहिली. तुमच्या एचआरला विचारून पाहा, पण ते चहा पीत नसतील अशा वेळी विचारा. दुसरी वाट अशी, की तुम्ही राजीनामा द्यायचा, त्याच कंपनीचे कंत्राटी सल्लागार व्हायचं आणि इथे ‘ऑतोनोमो’ म्हणजे स्वतंत्र व्यावसायिक म्हणून नाव नोंदवायचं. पहिलं वर्ष हप्ता महिना ऐंशी युरोच्या आसपास असतो, त्यानंतर कमाईप्रमाणे चढत जातो. आणि अर्ज करण्याआधी ते कंत्राट किमान तीन महिने चालू असलेलं दिसावं लागतं.

बहुतेक लोक दुसऱ्या वाटेने येतात आणि त्यात गैर काही नाही. पण राजीनामा म्हणजे काय, ते तुमच्या घरापुरतं पाहू. तुमच्या कंपनीचा ग्रुप मेडिक्लेम असणार, आणि माझा अंदाज आहे की त्यात आईबाबांची नावं आहेत. बाबांची अँजिओप्लास्टी त्यातूनच झाली असेल. तुम्ही नोकरी सोडली की ती नावं उडाली. एकोणसत्तर वर्षांच्या, हृदयात स्टेंट असलेल्या माणसाची नवी पॉलिसी काढायला गेलात तर आधीपासून असलेल्या आजारासाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत बदलून घ्यायची सोय असते, पण ती नोकरी सुटायच्या आत मागावी लागते आणि हप्ता ऐकून आपण खुर्चीत बसतो. आईबाबांचा प्रश्न हा आहे. ‘कसं सांगू’ यापेक्षा ‘राजीनाम्याच्या दुसऱ्या दिवशी बाबांच्या छातीत दुखलं तर बिल कोण भरणार’. याचं उत्तर तुमच्याकडे असेल तर सांगणं आपोआप सोपं होतं. आपल्याकडचे वडील व्हिसाला घाबरत नाहीत, आपल्या पाठीमागे काही हिशेब न करता पोरगं निघालं याला घाबरतात.

टॅक्सबद्दल दोनच ओळी. २४ टक्क्यांची ती सवलत इथे ‘बेकहॅम कायदा’ म्हणून ओळखली जाते, त्या फुटबॉलपटूच्या नावाने. ती मुख्यतः नोकरदारांसाठी आहे. ऑतोनोमोला ती मिळवणं कठीण, आणि अर्ज सामाजिक सुरक्षेत नाव लागल्यापासून सहा महिन्यांच्या आत करावा लागतो. ती नाही मिळाली तर चढत्या पायऱ्यांचा नेहमीचा कर, वरची पायरी ४५ टक्क्यांच्या पुढे. वर्षात १८३ दिवसांपेक्षा जास्त इथे राहिलात की जगभरातली कमाई इथे दाखवायची, आणि नेहमीच्या करदात्याला परदेशातली पन्नास हजार युरोंवरची मालमत्ताही जाहीर करायची. म्हणजे पुण्यातला फ्लॅटही त्यात आला. भारत-स्पेन दुहेरी कर टाळण्याचा करार आहे, त्यामुळे एकाच पैशावर दोनदा भरावा लागणार नाही. पण कागद दोन्हीकडे भरावे लागतील. इथे ‘गेस्तोर’ नावाची जमात असते, कर सल्लागार आणि सरकारी कामांचा एजंट यांच्या मधली. निघायच्या आधी त्यांपैकी एकाला शंभरेक युरो देऊन तासभर बोला.

आणि तुमचा म्हापशाचा मित्र. १९ डिसेंबर १९६१ च्या आधी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या वंशजांना पोर्तुगीज नागरिकत्व मागता येतं. एकदा ते मिळालं की माणूस युरोपियन युनियनचा नागरिक, कुठेही राहा. त्याने व्हिसा काढला नसेल हो, आजोबांचा जन्मदाखला काढला असेल. सिंहगड रोडवर ती सोय नाही.

आता पायपोर्ता. इथे मात्र मी तुम्हाला घाई करू देणार नाही.

आधी व्हॅलेन्सियाची एक गोष्ट. १४ ऑक्टोबर १९५७ ला तुरिया नदीला पूर आला आणि शहर बुडालं, ऐंशीच्या वर माणसं गेली. चारच वर्षांनी आपल्याकडे पानशेत फुटलं, त्यामुळे तुमच्या बाबांना हे समजावून सांगावं लागणार नाही. व्हॅलेन्सियाने काय केलं? नदीच उचलून शहराच्या दक्षिणेला नेऊन ठेवली. नवं सरळ, रुंद पात्र खणलं. जुन्या कोरड्या पात्रातून मोटाररस्ता काढायचा बेत होता. लोक अडून बसले की पात्र आमचं आहे आणि ते आम्हाला हिरवं हवंय. ज्या बागेत तुम्ही मे महिन्यात सायकली चालवल्यात, पुलांच्या खालून जाणारी ती लांबच लांब बाग म्हणजे ते नदीचं पात्र. आजही पूल जागच्या जागी आहेत, खाली पाण्याऐवजी संत्र्याची झाडं आणि फुटबॉल खेळणारी पोरं.

२९ ऑक्टोबर २०२४ ला नव्या पात्राने आपलं काम चोख केलं आणि मुख्य शहर वाचलं. पण पात्राच्या दक्षिणेकडच्या गावांना ते पात्र काय वाचवणार? डोंगराकडच्या चीवा गावात आठ तासांत ४९१ मिलिमीटर पाऊस झाला. मुंबईच्या २६ जुलैच्या ९४४ पुढे तो कमी वाटेल, पण ते चोवीस तासांचे होते आणि तिथली माणसं दर वर्षी पावसाळा पाहणारी. इथला तो सगळा पाऊस पोयो नावाच्या एरवी कोरड्या ओढ्यात उतरला आणि ओढा पायपोर्ताच्या मधोमध जातो. गावात तेव्हा धड पाऊसही नव्हता. लोक गाड्या वाचवायला तळघरातल्या पार्किंगमध्ये उतरले. मोबाइलवर इशारा वाजला तेव्हा रात्रीचे आठ वाजून गेले होते, पाणी कधीच दारात होतं. व्हॅलेन्सिया प्रांतात २२० च्या वर माणसं गेली, त्यातली कितीतरी तळमजल्यावर आणि गॅरेजात. दुसऱ्या दिवसापासून शहरातली हजारो माणसं खराटे आणि फावडी घेऊन नवं पात्र पायी ओलांडून गावांत चिखल काढायला जात होती. मीही दोन दिवस गेले. एका घराच्या भिंतीवर चिखलाची रेघ माझ्या डोक्याच्या वर होती, आणि त्या रेघेच्या वर भिंतीवरचं घड्याळ चालू होतं.

तर स्वस्त तळमजला स्वस्त का आहे, हे तुमच्या लक्षात आलं असेल. तीनच महिने आधी, २५ जुलैला, तुमच्याच रस्त्यावरच्या एकता नगरीत पाणी शिरलं होतं. तिथे कोणी तुम्हाला ‘तळमजला आहे, स्वस्तात देतो’ म्हणालं असतं तर तुम्ही चार प्रश्न विचारले असतेत. ते चार प्रश्न परदेशातही विचारायचे असतात. पायपोर्तात राहूच नये असं मी म्हणत नाही, माझी तिथली मैत्रीण परत तिच्याच घरात गेली, दुसऱ्या मजल्यावर. पण पुराचे सरकारी नकाशे इथे सगळ्यांना पाहायला खुले आहेत, त्यात पत्ता टाकून बघा आणि मग घरमालकाशी बोला.

शहरातल्या भाड्याचं म्हणाल तर दोन बेडरूमचं साधं घर बाराशे युरोच्या खाली आता क्वचित. वर २०२५ चं किमान वेतन लिहिलंय, ते आठवा: १,१८४. या गावात किमान वेतनावर काम करणाऱ्या बाईचा महिन्याचा पगार एका घराच्या भाड्यालाही पुरत नाही. २०२४ च्या ऑक्टोबरात घरांसाठी इथे मोठा मोर्चा निघाला, पुराच्या दहा दिवस आधी. बाहेरच्या पगारावर इथे राहायला येणाऱ्यांबद्दल त्यात कोणी प्रेमाने बोलत नव्हतं. तुमच्यावर कोणी ओरडणार नाही, माणसं भली आहेत. पण रुसाफा नावाच्या भागातल्या भिंतींवर काय लिहिलेलं असतं ते भाषा शिकल्यावर वाचाल. कायद्याने राहत्या घरासाठी अनामत एक महिन्याची, वर जादा हमी म्हणून फार तर दोन महिन्यांची. आम्हाला एका एजंटने सरळ सहा महिन्यांचं भाडं आगाऊ मागितलं होतं, परकी माणसं म्हणून. आम्ही दिलं नाही, घर दुसऱ्याला गेलं. पुढचं घर मिळायला सात आठवडे लागले. ‘अकरा महिन्यांचा हंगामी करार’ हा प्रकारही फार चालतो. आपल्याकडच्या अकरा महिन्यांसारखा दिसतो, पण त्यात भाडेकरूचे नेहमीचे हक्क नसतात, हे ध्यानात ठेवा.

ऊन. तुम्ही मे महिन्यात आलात, मे महिन्यात हे गाव नवरीसारखं असतं. जानेवारीत या. बाहेर दुपारी सोळा-सतरा अंश, लख्ख ऊन, चौकात कॉफी प्यायला मस्त. आणि घरात? घरं उन्हाळ्यासाठी बांधलेली, फरशा गार, भिंतींना हीटर नाहीत, समुद्राची ओल. पहिल्या हिवाळ्यात आमच्या बैठकीत तेरा अंश होते आणि मी सांगलीहून आणलेली गोधडी पांघरून स्वयंपाक करत होते. धुतलेले कपडे तीन दिवस वाळत नाहीत. कपाटामागे बुरशी धरते, रत्नागिरीला आषाढात धरते तशीच. जुन्या घरांत नारिंगी रंगाच्या गॅस सिलिंडरवर चालणारी शेगडी चाकांवर ढकलत या खोलीतून त्या खोलीत न्यायची. सिलिंडरवाला रस्त्यावरून रिकामी सिलिंडरं वाजवत गेला की बायका गॅलरीतून हाका मारतात, तेवढं ऐकून मला पहिल्यांदा घरी असल्यासारखं वाटलं होतं.

आणि आता घड्याळ. तुम्ही पत्रात याबद्दल चकार शब्द लिहिला नाहीत, म्हणून मी जरा पसरून लिहिते. हिवाळ्यात पुणे आमच्या साडेचार तास पुढे असतं, उन्हाळ्यात साडेतीन. तुमची सकाळी दहाची स्टँडअप मीटिंग डिसेंबरात इथे पहाटे साडेपाचला. सूर्य सव्वाआठच्या सुमाराला उगवतो. म्हणजे उन्हाच्या शोधात आलेला मनुष्य पावणेतीन तास काळोखात, पायात मोजे, मांडीवर गोधडी घेऊन ‘यू आर ऑन म्यूट’ म्हणत बसलाय. फायदाही आहे. अमेरिकेबरोबरची जी मीटिंग पुण्यात संध्याकाळी साडेसातला असते ती इथे दुपारी तीनला पडते, पाचला तुम्ही मोकळे. पण मधली शांत दुपार गेली. आणि पहाटे पाचला उठायचं तर रात्री नऊला झोपायला हवं. या गावात नऊला लोक जेवायला निघतात! जूनमध्ये साडेनऊपर्यंत उजेड असतो, खाली चौकात तुमच्या मुलीच्या वर्गातली पोरं खेळत असतात, त्यांचे आईबाप बाकांवर बसलेले असतात. मैत्र्या तिथेच होतात. तुम्ही खिडकीची लाकडी पडदी खाली ओढून डोळे मिटून पडलेले. तुम्हाला जे गाव आवडलं त्याचा मुख्य कार्यक्रम संध्याकाळी असतो, आणि तुमची नोकरी तुम्हाला नेमकी तीच वेळ झोपायला लावणार.

पैसे न घालवता याची चाचणी घेता येते. पुण्यातच दोन आठवडे पहाटे साडेपाचला लॅपटॉप उघडा, रात्री नऊला दिवे बंद करा. घरातल्या तिघांचं काय होतं ते बघा. पंधराव्या दिवशीही व्हॅलेन्सिया हवंसं वाटलं तर पुढे बोलू.

मुलीचं मला फारसं भय नाही. सरकारी शाळेत स्पॅनिश आणि व्हॅलेन्सियन अशा दोन भाषा असतात, पहिले सहा महिने ती गप्प बसेल आणि मग तुमच्या चुका काढायला लागेल. मार्चमध्ये ‘फायास’ नावाचा उत्सव असतो, १ ते १९ तारखेपर्यंत रोज दुपारी दोनला महापालिकेच्या चौकात नुसता आवाजाचा फटाक्यांचा खेळ, पायाखालची जमीन हलते. गणपती मिरवणुकीतल्या ढोलपथकांची सवय असलेल्या पोरीला त्याचं काही वाटणार नाही. तांदूळ खाणारं गाव आहे. पाएया या इथल्या भाताच्या कढईला तळाशी जी खरपूड लागते तिच्यासाठी इथली माणसं घरात भांडतात, आपल्यासारखीच. डाळी, पोहे, हिंग रुसाफात मिळतं.

राहिल्या तुमच्या मिसेस. पत्रात त्यांचं नाव नाही, आपण त्यांना डॉक्टर म्हणू.

तुमच्या पत्रात व्हिसा, टॅक्स, घर, मित्र, समुद्र यांना भरपूर जागा मिळाली आहे, आणि डॉक्टरांच्या वाट्याला आलंय ‘तिची तशी काही हरकत नाही’. हे वाक्य मी ओळखते. सांगलीत मी चौदा वर्षं स्वतःची पॅथॉलॉजी लॅब चालवली होती. नवऱ्याने विचारलं तेव्हा मी टेबलावर रिपोर्टांवर सह्या करत होते आणि वर न बघता हेच म्हणाले होते, शब्दाला शब्द. त्या ‘तशी’चा अर्थ मला स्वतःला कळायला इथली दोन वर्षं गेली. ‘हरकत नाही’ म्हणजे भांडायचं नाही. ‘तशी’ म्हणजे विचारशील तर आहे.

कायद्यात डॉक्टरांची अडचण नाही. तुमच्या व्हिसावर आलेल्या जोडीदाराला इथे काम करता येतं. पण डेंटिस्ट म्हणून नाही. त्यासाठी बीडीएसची पदवी इथल्या सरकारकडून मान्य करून घ्यावी लागते: अपोस्टिल (परदेशात चालणारा सरकारी शिक्का) केलेली प्रमाणपत्रं, प्रत्येक विषयाच्या तासांचा तपशील, शपथबद्ध अनुवादकाकडून स्पॅनिशमध्ये भाषांतर, आणि वर पेशंटशी बोलता येण्याइतकी भाषा. वर्ष-दोन वर्षं त्यात सहज जातात, कधी त्याहून जास्त. मी माझ्या कागदांची यादी काढली, दोन रविवार ती समोर ठेवून बसले आणि फाइल मिटली. आता मी भाषांतरं करते, शिकवते. वाईट नाही चाललेलं. पण सांगलीच्या गणपती पेठेतून जाताना ‘मॅडम, रिपोर्ट नॉर्मल आलाय ना?’ असं रस्त्यात थांबवून विचारणारं कोणी इथे नाही, आणि सात वर्षांत त्याची सवय झालेली नाही. मी नवऱ्याला दोष देत नाही. त्याने विचारलं होतं. फक्त एकदाच विचारलं, आणि मी सह्या करत असताना.

तुमच्या डॉक्टरांच्या क्लिनिकात खुर्ची आहे, पेशंट आहेत, एखादी असिस्टंट असेल, मशिनरीचं कर्ज असेल. एका माणसाच्या व्हिसासाठी दुसऱ्याचा चालता धंदा बंद होणार असेल तर तो धंदा हिशेबात खर्च म्हणून मांडायला हवा, तुमच्या ३८ लाखांच्या शेजारी. तुम्ही तो आकडा पत्रात दिला नाहीत. ठाऊक आहे ना? नसेल तर आधी तो विचारा.

तर माझं मत विचाराल तर, आत्ता येऊ नका आणि ‘नाही’ही म्हणू नका. फ्लॅट तर अजिबात विकू नका. तो भाड्याने देता येतो, आणि परत यायचं झालं तर तिथेच यायचंय. येत्या फेब्रुवारीत तीन आठवड्यांची रजा काढून तिघंही या, पर्यटक म्हणूनच, लॅपटॉप घरी ठेवून, कारण पर्यटक व्हिसावर काम करायची परवानगी नसते. हॉटेलात उतरू नका, एखाद्या जुन्या घरात राहा, शक्यतो मालकाने ‘हीटर आहे’ असं सांगितलेल्या. त्यात काय असतं ते बघाच. एक दिवस डॉक्टरांना इथल्या एखाद्या डेंटल क्लिनिकमध्ये नुसतं दात तपासायला जाऊ दे. त्या खुर्चीत बसून त्यांना जे वाटेल ते तुमच्या यूट्यूबमध्ये नाही. तोवर तुमच्या एचआरकडून कंत्राटाचं उत्तर आणि विमा कंपनीकडून बाबांच्या पॉलिसीचा आकडा, दोन्ही लेखी घेऊन ठेवा. हे दोन कागद हातात आले की आईबाबांशी बोला, आणि बोलताना तेच दाखवा.

त्याआधी, क्लिनिकला सुट्टी असेल त्या दिवशी डॉक्टरांना पुन्हा एकदा विचारा. हातात मोबाइल नको, त्यांच्या हातात काम नको. उत्तर लगेच मागू नका. आणि पुढचं पत्र त्यांनी लिहिलं तर मला जास्त आवडेल, मात्र तुमच्या मेलवरून नको.